अतिगोपनीय : सर्वांनी कृपया पाहावे

सोमवार, ३ जून २०१९. सकाळी १०.१५

आजपासून रोजनिशी. ही कोणाच्याही दृष्टीस पडू नये म्हणून टेबलाच्या खणात कुलूपबंद ठेवीन. किल्ली खणावरच ठेवली आहे, कारण खिशातून ती हरवते.

प्रथम आत्मपरिचय, स्वतःलाच. रेणुकादास, वय बावन्न. पूर्वाश्रमी शाळेत संस्कृत शिकवीत असे. लातुरात क्लासांची लाट आली आणि त्या लाटेवर ‘स्कोअरिंग विषयाचा’ हा शिक्षक वाहत वाहत संगणकापर्यंत येऊन पोहोचला. संप्रति ज्ञानमेरू अकॅडमी, औसा रोड, लातूर येथे सिस्टिम विभागाचा प्रमुख. विभागात दोघे. भार्गवी इंजिनिअर आहे, ती काम करते. मी दिशा देतो.

आज संस्थापक शेषेराव नांदेडहून आले. ते मूळचे हदगावकडचे. नांदेडला एका टिनशेडमध्ये क्लास काढला, आता दोन शहरांत सत्तर संगणक. त्यांनी सांगितले की शिष्यवृत्तीची परीक्षा ३० जूनला, नांदेड आणि लातूर दोन्हीकडे एकाच वेळी, संगणकावर. पहिल्या बारा जणांना दोन वर्षे क्लास आणि होस्टेल फुकट. गेल्या वर्षी पेपर झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर गेला होता. म्हणाले, सर, यंदा पेपर घराबाहेर गेला नाही पायजे. गेला की स्कॉलरशिप बंद. कायमची.

चहा देणाऱ्या केवळाबाई दारात थांबल्या होत्या. त्यांची मुलगी पुनम यंदा दहावी झाली, ती या परीक्षेला बसणार आहे. बारांत आली तर ज्ञानमेरूत. नाही आली तर बाईंनी तिच्यासाठी शिलाईच्या दुकानात बोलून ठेवले आहे.

मी शेषेरावांना म्हणालो, की पेपर सर्व्हरवर, सर्व्हरला पासवर्ड, आणि पासवर्ड माझ्यापाशी. हिमालय हलेल, पासवर्ड हलणार नाही. ते म्हणाले, हिमालयाचं राहू द्या.

संकल्प : एकही गुपित कोठेही दिसणार नाही.


मंगळवार, ४ जून. दुपारी १२.३०

पूर्वी सत्तर संगणकांपाशी सत्तर वेळा जाऊन बसावे लागे. आता एक कमांड. ती दिली की दोन्ही शहरांतील सर्व यंत्रे परीक्षेसाठी आपोआप सज्ज होतात. कमांडचा स्वभाव मात्र कीर्तनकाराचा. जे करते ते सगळे पडद्यावर सांगत जाते : आता हे यंत्र उघडले, आता ते बसवले, आता येथे अमुक पासवर्ड घातला. यास आउटपुट म्हणतात.

भार्गवीने दोनशे बाराव्या ओळीवर बोट ठेवले. तेथे पेपरच्या सर्व्हरचा पासवर्ड होता. उघडा, फळ्यावरच्या सुविचारासारखा ठळक. तिने विचारले, सर, हे असंच ठेवायचं?

मी तिला समजावले की पाचशे ओळींच्या अरण्यात एका ओळीस कोण शोधणार? अरण्य हेच उत्तम आवरण. ती म्हणाली, की कंट्रोल-एफ दाबणारा.

उपाय सोपा आहे. कमांडच्या फाइलमध्ये ‘हे दाखवू नको’ अशा अर्थाची एक ओळ टाकायची असते. चहानंतर टाकतो.


गुरुवार, ६ जून. सकाळी ११.००

ती ओळ टाकली. (चहा मंगळवारी झाला होता. मध्ये एक बुधवार आला.)

कमांड मध्येच थांबली. का थांबली ते सांगेना. पडद्यावर एवढेच, की निष्कर्ष गुप्त ठेवण्यात आला आहे. नांदेडची तीस यंत्रे मौनात. गुप्ततेचा हा अतिरेक मला मान्य नाही. जे चोरापासून लपवायचे ते माझ्यापासून कशाला?

ओळ काढली. तात्पुरती. मग कळले, की नांदेडला फरशी पुसताना केबल निघाली होती.


शनिवार, ८ जून. दुपारी ४.००

दहावीचा निकाल. प्रवेशाची झुंबड. पुनमला ब्याण्णव टक्के. केवळाबाईंनी पेढा दिला, मी दोन घेतले.

शेषेराव पालकांना घेऊन आमच्या विभागात आले. नेमकी कमांड चालू होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे धबधब्यासारखी वाहत होती. पालक स्तब्ध. चाकूरच्या एका गृहस्थाने पायांतून चप्पल काढली. शेषेरावांच्या मुद्रेवर मी प्रथमच माझ्याविषयी आदर पाहिला. म्हणाले, सर, हे हितं कोपऱ्यात कशाला दडवून ठेवलं? रिसेप्शनच्या टीव्हीवर लावा. पालकाला दिसलं पायजे की आपल्याकडं काही तरी चालू आहे.

भार्गवीने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. मी डोळ्यांनी अडवले. आयुष्यात असे क्षण थोडे.


सोमवार, १० जून. सकाळी ११.१५

रिसेप्शनमधील त्रेपन्न इंची टीव्हीवर माझे आउटपुट. दर तासाला कमांड नव्याने सुटते. अधिक दाट दिसावे म्हणून मी कमांडच्या शेवटी तीन व्ही जोडले. एका व्हीने ती थोडे अधिक बोलते, तिन्हींनी सगळेच बोलते. पासवर्ड पूर्वी एकदा येई, आता सात वेळा येतो. पण ओळीही पाचशेच्या चार हजार झाल्या, म्हणजे प्रमाण घटले.

निलंग्याकडचे मलप्पा नावाचे पालक अर्धा तास उभे होते. त्यांनी विचारले, येवढं सगळं तुम्ही लिव्हलाव का ओ सर? मी विनयाने मान किंचित झुकवली. असत्य बोललो नाही.

केवळाबाई टीव्ही पुसत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी म्हणाल्या, सर, बाकीचं समदं बदलतंय बगा, पर ह्यो येकच सबुद सारका सारका येतोय. कोन हाय ओ ह्यो?

मी सांगितले, की ते ध्रुवपद आहे.


मंगळवार, ११ जून. दुपारी १.००

बाईंचे शब्द मनात राहिले. भयामुळे नव्हे, दक्षता म्हणून पासवर्ड बदलला. नवा : anirvachaniya1993. अनिर्वचनीय, म्हणजे जे वाणीने सांगता येत नाही. पुढचे अंक त्या वर्षाचे. त्र्याण्णव साली मी औसा तालुक्यातील एका शाळेत होतो. त्या पहाटेविषयी येथे काही लिहीत नाही.

भार्गवी टीव्हीवर तो वाचून म्हणाली, सर, लातुरात ज्याला ज्याला चार आकडे लागतात तो हेच टाकतो. एटीएमला, मोबाइलला, सुटकेसला. मी म्हणालो, म्हणूनच. इतके उघड असेल अशी शंका कोणास येईल?

घरी पत्नी इंदूला सांगितले. तिने विचारले, नवीन पासवर्ड काय? मी म्हणालो, गोपनीय. ती म्हणाली, त्र्याण्णवच ना? आणि कुकर लावायला गेली.


बुधवार, १२ जून. सकाळी १०.४०

भार्गवीने एक कागद सहीसाठी आणला. कोणत्या सर्व्हरवर कोणी काय चालवावे याविषयी काही. सही केली. वाचत बसणारा प्रमुख लेखनिक होतो.


शुक्रवार, १४ जून. दुपारी ३.००

अभूतपूर्व यश! स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. आउटपुटमध्ये जेथे जेथे पासवर्ड येईल तेथे तेथे तो तारका घालतो. सातही ठिकाणी चांदणे. टीव्हीपुढे उभा राहून स्वतः पाहिले.

काम झाले की नाही याची खात्री हवी म्हणून शेवटी एक ओळ छापण्याची व्यवस्थाही केली : ‘पुढील पासवर्ड यशस्वीपणे लपवण्यात आला : anirvachaniya1993.’ ठळक, पिवळ्या अक्षरांत.

भार्गवीने ते पाहिले. मग म्हणाली, सर, तुम्ही दमला असाल, घरी जा. कष्टांची जाण असलेली मुलगी.


सोमवार, १७ जून. दुपारी १.३०

११.४२ वाजता धक्का. सौम्य. खिडक्यांची तावदाने वाजली, इतकेच. कोणास इजा नाही, भिंतीस चीर नाही. परंतु लातूर हे लातूर आहे. येथे धक्क्यानंतर ‘काही झालं का’ असे विचारीत नाहीत. आधी मैदानात येतात, मग विचारतात. ज्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तीही आयांनी शिकवल्याप्रमाणे वह्या टाकून धावली.

सर्वांत आधी मैदानात मी होतो. नेतृत्व पुढून करायचे असते.

तास-सव्वा तास कोणीही आत जायला तयार नव्हते. सुमारे दोनशे विद्यार्थी, साठेक पालक. मैदान रिसेप्शनच्या काचेच्या दरवाजासमोर आहे, आणि काचेतून टीव्ही स्वच्छ दिसतो. आत कमांड चालू राहिली होती. दुसरे पाहण्यासारखे काहीच नसल्याने सर्व जनसमुदाय तिकडेच पाहत बसला. अडीचशे माणसे तंत्रज्ञानात एकाग्र! काही मुलांनी तळहातावर टिपणे घेतली. पुष्कळांनी मोबाइलवर फोटो काढले. नांदेडचा एक मुलगा भावाला आमच्या लातूर शाखेत पोचवायला आला होता. त्याने तर पिवळी ओळ येईपर्यंत दम धरून व्हिडिओ काढला. म्हणाला, सर, लई भारी हाय.

ज्ञानतृष्णा म्हणतात ती हीच. धक्का इष्टापत्ती ठरला.


बुधवार, १९ जून. सायंकाळी ५.००

पुनम रोज चार वाजता येते आणि आईचे काम संपेपर्यंत रिसेप्शनमध्ये अभ्यास करते. गेले काही दिवस पाहतो, टीव्हीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसते. आज मी तिला प्रेमळपणे दटावले, की अगं, एवढी प्रगत विद्या समोर आहे आणि तू भिंत पाहतेस?

ती उभी राहिली. खाली पाहत म्हणाली, सर, तिथं पेपरचा पासवर्ड येतो. नजर गेली तर वाचल्या जातंय. मला न्हाई वाचायचं. म्हणून पाठ करून बसते.

मी म्हणालो, तुझा काही तरी गैरसमज झाला आहे, तो तांत्रिक मजकूर आहे. ती म्हणाली, हाव सर. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

मुलीचे इंग्रजी कच्चे असावे.

पोहे गार झाले. खाल्ले नाहीत.


शुक्रवार, २१ जून. सकाळी ९.४५

योगदिन. प्राणायामात स्पष्ट दिसले, की मुलीचे इंग्रजी चांगले आहे.

टीव्ही बंद करता येत नाही. शेषेरावांची आज्ञा, आणि प्रवेश चालू. भार्गवी कालपासून नांदेडला, तेथील यंत्रे लावायला. ती असती तरी तिला विचारणे पदास शोभले नसते.

उपाय : जेथे पिवळी ओळ येते तेथे टीव्हीवर किराणा दुकानाचे कॅलेंडर चिकटवले.

दुपारी २.००. ओळ वर सरकते. कॅलेंडर सरकत नाही.

३.३०. कॅलेंडर हातात धरून ओळीबरोबर वर वर नेले. पालकांना वाटले प्रात्यक्षिक आहे. टाळ्या.

पिवळी ओळच काढून टाकता आली असती हे ५.१० ला लक्षात आले. काढली. घाईत तारकांचा प्रोग्रामही निघाला.

पासवर्ड पुन्हा बदलावा काय? बदलला तर ‘का बदलला’ हे सांगावे लागेल. सोमवारी विचार करू.


सोमवार, २४ जून. दुपारी १२.००

विचार केला.


बुधवार, २६ जून. सकाळी ११.२०

नांदेडहून शेषेरावांचा फोन. पेपर फुटला. व्हॉट्सॲपवर फिरतो आहे, पन्नास प्रश्न, वर ‘शिष्यवृत्ती परीक्षा २०१९’, खाली उत्तरेही. सकाळपासून त्यांना चौदा जणांनी पाठवला, त्यांतील नऊ पालक. खरा पेपर बाहेरच्या तज्ज्ञांनी काढलेला, त्यांनी स्वतःही पाहिलेला नाही. पण म्हणाले, असाच असणार, लई अवघड दिसतोय. कोणालाही काही बोलू नका, उद्या येतो.

मी म्हणालो, घोर अनर्थ. कोणी केले असेल?

हे वाक्य मी उच्चारले. नोंद असावी म्हणून लिहिले.


गुरुवार, २७ जून. दुपारी ४.१५

चौकशी. शेषेरावांनी विभागप्रमुखाचा वगळता सर्वांचे मोबाइल, स्वतःचाही, उद्यापर्यंत एका बादलीत टाकायला लावले. मग एकेकास आत. मला विचारले, पासवर्ड कोणाला सांगितला? मी म्हणालो, जिवंत माणसाला नाही. हे सत्य आहे. मी कोणाला सांगितलेला नाही.

मग त्यांनी विचारले, की या खोल्यांत रोज कोण येतं-जातं? कोणाचं पोरगं परीक्षेला आहे? रोज चारला येऊन टीव्हीपाशी कोण बसतं?

केवळाबाईंना बोलावले. बाई म्हणाल्या, सायेब, मला एबीशीडी येत न्हाई. माजी पोरगी भित्तीकडं त्वांड करून बसतीय, समद्यांनी बगितलंय. इचारा की सरास्नी.

शेषेराव माझ्याकडे वळले. बाईही वळल्या. मी चष्मा पुसला.

शेषेराव वाईट मनुष्य नाहीत. ते सावकाश म्हणाले, बाई, मला कळतंय. पण उद्या लोक म्हणतील, चहावालीच्या पोरीला पेपर मिळाला. तिचं नाव काढावं लागंल. आणि यंदापासून स्कॉलरशिप बंद. उद्या दुपारी बोर्डावर लावतो.

बाईंनी कप गोळा केले. माझा अर्धा कप तसाच उचलून नेला.

मी का बोललो नाही याची कारणे पुष्कळ आहेत. अशा वेळी विभागप्रमुखाने घाईने बोलू नये. पुरावा निर्णायक नव्हता. शिवाय निवृत्तीस सहा वर्षे राहिली आहेत, आणि बावन्नाव्या वर्षी संस्कृत शिकवायला कोणी घेत नाही. शिवाय चष्मा खरोखर अस्वच्छ होता.

सायंकाळी ७.३०. इंदूला सर्व सांगितले. मुलगी कोण तेही. तिने पोळी वाढली. म्हणाली, भूकंपात सगळ्यांच्या आधी बाहेर पडलात ना. मग आताही पडा.

पोळी खाल्ली. मोबाइल बंद करून ठेवला.


शुक्रवार, २८ जून. सकाळी ९.३०

निवेदन सिद्ध. एकवीस वाक्ये. आरंभी गुप्ततेची व्याख्या, मध्ये मानवी प्रमादांची परंपरा, अंती नैतिक उत्तरदायित्वाचा सामासिक स्वीकार. कर्मणी प्रयोग सर्वत्र, त्यामुळे कर्ता कोठेही आढळत नाही. तीनदा वाचले. निर्दोष.

दुपारी २.००. यथाक्रम लिहितो.

साडेअकराला शेषेरावांच्या खोलीत गेलो. सर्व कर्मचारी उपस्थित. नोटीस टाइप होऊन टेबलावर होती, पुनमचे नाव तिसऱ्या ओळीत. मी उभा राहून वाचू लागलो, की गोपनीयता ही यंत्रसंस्कृतीची आधारशिला असून... दुसऱ्याच वाक्याला शेषेरावांनी हात वर केला. म्हणाले, सर, मराठीत सांगा.

कागद खाली ठेवला. म्हणालो, माझ्यामुळे फुटला. माझ्या टीव्हीवर पासवर्ड दिसत होता. सतरा तारखेला सगळ्यांनी मैदानातून पाहिला. पुनमने एकोणिसाला मला सांगितले. मी तिला म्हणालो, तुझा गैरसमज आहे.

आयुष्यातील माझे सर्वांत वाईट मराठी. एकही समास नाही.

टायपिस्टने स्वतःहूनच नोटीस फाडली. शेषेरावांनी तुकडे उचलून टोपलीत टाकले. मग म्हणाले, पोरीचं नाव राहील. तुमचं बघू.

केवळाबाई दाराशी होत्या. पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, सर, काल बोलला असताव तर माजी पोर राती जेवली तरी असती. मी एकवीस वाक्यांच्या कागदाची घडी घातली.

स्कॉलरशिप बंद, हा निर्णय मात्र कायम होता. पुनमचे नाव राहिले, पण ते ज्यात राहिले ती परीक्षाच जाणार होती. शेषेराव म्हणाले, पेपर फुटला तो फुटला.

सव्वाबाराला भार्गवी आली. नांदेडची सकाळची गाडी चाकूरला पंक्चर झाली, अन्यथा दहाला पोहोचली असती. रात्री तिला कळल्यापासून ती मला फोन लावीत होती. माझा बंद, इतरांचे बादलीत. तिने शेषेरावांच्या हातातला तो फुटलेला पेपर पाहिला आणि खुर्चीत बसून हसू लागली. आधी पाणी प्याली, मग पुन्हा हसली.

म्हणाली, सर, हा मी केलेला आहे.

बारा तारखेपासून माझी कमांड खऱ्या सर्व्हरवर नव्हतीच. तिने मला एक सरावाचा सर्व्हर दिला होता. खोटी यंत्रे, खोटा पेपर, पासवर्ड मात्र माझा. खरा पेपर दुसरीकडे, दुसऱ्या पासवर्डखाली, आणि तो पासवर्ड कोणत्याही आउटपुटमध्ये एकदाही आलेला नाही. खोट्या पेपरला काही तरी मजकूर हवा म्हणून तिने जुन्या पुस्तकांतून पन्नास प्रश्न घाईघाईत चिकटवले. उत्तरे जुळवायला वेळ नव्हता, म्हणून सर्वांचे उत्तर ‘क’ ठेवले.

शेषेरावांनी पेपर पुन्हा पाहिला. क, क, क, पन्नास वेळा क. ते म्हणाले, मला वाटलं, तज्ज्ञांनीच लई वरच्या पातळीवरचा काढला.

माझी संमती कोणी घेतली होती काय, असे मी विचारले. भार्गवीने कागद पुढे केला. खाली माझी सही, पल्लेदार, दोन ठिपक्यांसह.

म्हणजे गाडी पंक्चर झाली नसती तर ती दहाला येती, आणि साडेअकराला मला काहीच सांगावे लागले नसते. चाकूरच्या रस्त्यावर कोणी तरी एक खिळा टाकला होता. देव त्याचे भले करो, असे मी अजून म्हणालेलो नाही.


रविवार, ३० जून. दुपारी २.३०

परीक्षा झाली. दोन्हीकडे, निर्विघ्न. माझी नियुक्ती फाटकापाशी, चपलांवर.

पेपर खरा निघाला तेव्हा काही मुलांचे चेहरे पहिल्या पाच मिनिटांतच पांढरे पडले, असे आतून आलेले पर्यवेक्षक सांगत होते. तरी पुष्कळांनी श्रद्धा सोडली नाही. एकतीस जणांनी सर्व प्रश्नांस ‘क’ हेच उत्तर दिले.

पुनम शेवटी बाहेर पडली. मी तिची चप्पल शोधून दिली. कसा गेला, विचारले. म्हणाली, सर, अकरावा प्रश्न येत नव्हता. बाकी बरा होता. आणि मग, चप्पल घालता घालता : तुम्ही उन्हात उभा राहू नका.


बुधवार, ३ जुलै. सकाळी ११.००

निकाल. पुनम नववी. बारांत.

केवळाबाई सर्वांना साखर वाटीत फिरल्या. मलाही दिली, एक चमचा. मोजून.

शेषेरावांनी माझी पदोन्नती केली. आता मी ‘मार्गदर्शक’. प्रमुखपद भार्गवीकडे. मार्गदर्शकास टेबल आहे, खण आहे, संगणक सामाईक आहे. टीव्हीवर आता गुणवंतांचे फोटो लागतात.

माझ्या भावना जाणून भार्गवीने रोज सकाळी एकदा कमांड चालवण्याचा मान माझ्याकडे ठेवला आहे. आज प्रथमच खऱ्या सर्व्हरवर चालवली. तिन्ही व्ही लावले. चार हजार ओळींची वाट पाहत हातांची घडी घालून बसलो.

एकच ओळ आली : काम पूर्ण झाले, तपशील पाहण्याचा अधिकार या वापरकर्त्यास नाही.

भार्गवीला बोलावून विचारले, हे बिघडले आहे काय? तिने वाकून पाहिले. म्हणाली, नाही सर. पहिल्यांदाच बरोबर चाललंय.